डच जोडीदाराच्या देशात स्वतःचे पाय रोवताना: मराठी माणसासाठी सविस्तर मार्गदर्शक

डच व्यक्तीशी लग्न करून, किंवा लग्नाविना तिच्यासोबत राहण्यासाठी, नेदरलँड्सला जाणाऱ्या मराठी मुलामुलींची तयारी बहुतेक वेळा व्हिसापासून सुरू होते आणि व्हिसा हातात आला की संपते. खरे काम त्यानंतरचे असते. तिथे पोहोचल्यावर घर जोडीदाराचे, भाषा जोडीदाराची, मित्र जोडीदाराचे आणि राहण्याचा परवानाही जोडीदाराशी असलेल्या नात्यावर आधारलेला, अशी स्थिती असते. सुरुवातीला हे साहजिक आहे; पण तीन-चार वर्षे ते तसेच राहिले, तर चांगल्या संसारातही जीव गुदमरतो. म्हणून कागदपत्रे, भाषा, पैसा, आरोग्य आणि माणसांत वावरण्याच्या रीती या सगळ्यांकडे या लेखात एकाच दृष्टीने पाहिले आहे: प्रत्येक टप्प्यावर स्वतःच्या नावाचे काहीतरी उभे राहिले पाहिजे. लेख मुख्यतः डच नागरिकाच्या जोडीदारासाठी आहे. नोकरीसाठी बोलावलेल्या उच्चकुशल कर्मचाऱ्याच्या, म्हणजे तिथल्या भाषेत 'केनिसमिग्रांट'च्या, पतीला किंवा पत्नीला जिथे वेगळे नियम लागतात तिथे तसे सांगितले आहे.

निघण्यापूर्वी: लग्नाची नोंद आणि नावाचा प्रश्न

दोघांपैकी एकजण हिंदू नसेल, तर भारतातले लग्न बहुधा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली करावे लागते. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेले असावे लागते आणि नोटीस दिल्यानंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. डच जोडीदाराची रजा याच हिशेबाने आखावी. मंगलाष्टकांचा, सप्तपदीचा सोहळा घरच्यांसाठी अवश्य करावा, परंतु डच कार्यालयांना विवाह निबंधकाच्या दाखल्याखेरीज काही चालत नाही. लग्न न करता एकत्र राहण्याचा मार्गही डच कायद्यात तितकाच मान्य आहे. त्यासाठी तुम्ही अविवाहित असल्याचा दाखला लागतो आणि नाते खरे व टिकाऊ असल्याचे पुराव्यांनिशी दाखवावे लागते. समलिंगी जोडप्यांना डच कायद्याचे हे नियम जसेच्या तसे लागू होतात. समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता देणारा नेदरलँड्स हा जगातला पहिला देश, आणि तो कायदा 1 एप्रिल 2001 पासून अमलात आहे.

जन्मदाखला आणि विवाहदाखला या दोन कागदांवर पुढचे सगळे उभे असते. दोन्हींवर आधी राज्य शासनाच्या गृह विभागाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा, शिक्का घ्यावा. दाखला इंग्रजीत किंवा मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर डच भाषांतराची गरज पडत नाही. केवळ मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर करून त्यावरही आवश्यक ते शिक्के घ्यावे लागतात. अनेकांच्या जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसते, फक्त आईवडिलांची नावे आणि तारीख असते. असा दाखला तिथे निरुपयोगी ठरतो, म्हणून महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आधी नाव लावून घ्यावे. हे काम नेदरलँड्समध्ये बसून करायचे म्हटले तर गावी कोणाला तरी हेलपाटे मारावे लागतात.

स्त्रियांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत आहे आणि पुष्कळ जणी लगोलग पासपोर्टही नव्या नावाचा करून घेतात. नेदरलँड्समध्ये माणसाचे जन्मनाव कागदोपत्री आयुष्यभर कायम राहते. लग्नानंतर जोडीदाराचे आडनाव पत्रव्यवहारात वापरायचे की नाही, स्वतःच्या आडनावाच्या आधी लावायचे की नंतर, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते आणि नगरपालिकेत त्याची नुसती नोंद होते. पासपोर्टवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे आणि पदवीवर तिसरे अशी स्थिती झाली, की प्रत्येक खिडकीवर खुलासे देत बसावे लागते. म्हणून पासपोर्टवर जन्मनाव तसेच ठेवावे आणि हवे तर जोडीदाराचे नाव त्याच्या रकान्यात घालून घ्यावे.

परवाना आणि भारतात द्यायची परीक्षा

अर्ज बहुधा नेदरलँड्समधला जोडीदार करतो. तो तिथल्या स्थलांतर खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे, जातो आणि प्रवेशाचा व्हिसा व राहण्याचा परवाना यांचा विचार एकत्रच होतो. दोघांचेही वय किमान 21 असावे लागते. डच जोडीदाराचे उत्पन्न कायदेशीर किमान वेतनाइतके, नियमित आणि पुढेही चालू राहणारे असावे लागते. निर्णयाची मुदत 90 दिवसांची आहे, पण ती वाढू शकते. मंजुरीचे पत्र येईपर्यंत मुंबईतली किंवा पुण्यातली नोकरी सोडू नये, भाड्याचे घरही रिकामे करू नये.

डच नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला अर्जाआधी एक प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती भारतातच डच वकिलातीत संगणकावर होते. तिचे बोलणे, वाचणे आणि डच समाजाची माहिती असे तीन भाग आहेत. भाषेची पातळी ए1, म्हणजे अगदी आरंभीची, असते. तिन्ही भागांचे मिळून शुल्क 150 युरो आहे आणि लिहिण्याची परीक्षा नसते. 'नार नेदरलांत' या नावाचे अभ्याससाहित्य त्यासाठीच तयार केलेले आहे. रोज तासभर नेमाने बसणाऱ्या माणसाला तीन-चार महिन्यांत ही तयारी जमते. मात्र जोडीदार डच बोलतो म्हणून शिकवण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. तो दोन वाक्यांनंतर इंग्रजीवर येतो, आणि शिक्षक म्हणून त्याने सतत चुका काढणे नात्यालाही मानवत नाही. केनिसमिग्रांटच्या जोडीदाराला ही परीक्षा लागत नाही. नोकरीचे बंधन मात्र दोघांनाही नाही: परवान्यावर काम करण्याची मोकळीक छापलेली असते आणि वेगळा कामाचा परवाना लागत नाही.

पहिले चार महिने

पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत, तिथल्या शब्दात खेमेंतेत, नावनोंदणी करायची असते. भेटीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी, कारण मोठ्या शहरांत ती लगेच मिळत नाही. या नोंदणीतून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय बँक, विमा, पगार, डॉक्टर काहीच पुढे सरकत नाही. बीएसएन हाती आला की त्याच आठवड्यात डिजिडी, म्हणजे सरकारी संकेतस्थळांसाठीची डिजिटल ओळख, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मोबाइलवर काढावी. जोडीदार प्रेमाने म्हणतो, 'मीच करून टाकतो सगळे.' त्याला पहिल्या दिवसापासून शेजारी बसून मदत करायला सांगावे. बटण तुम्ही दाबावे आणि पासवर्ड तुम्हालाच ठाऊक असावा.

भारतीय नागरिकांना आल्यानंतर तीन महिन्यांत जीजीडी या सार्वजनिक आरोग्य सेवेकडे क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत काढणे सक्तीचे आहे आणि उशिरा काढला तरी हप्ता नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे थांबून काही वाचत नाही. मूळ विम्याचा हप्ता माणशी महिना दीडशे युरोंच्या आसपास असतो. त्याखेरीज वर्षाला पहिले 385 युरो आपल्या खिशातून द्यावे लागतात, पण घरच्या डॉक्टरकडे जाणे त्यात मोजले जात नाही. अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नसतो. मोठ्यांच्या दातांचा खर्च मूळ विम्यात बसत नाही, तेव्हा दातांची राहिलेली कामे भारतातच उरकून निघावे.

घरच्या डॉक्टरला तिथे हाउसआर्ट्स म्हणतात. घराजवळच्या दवाखान्यात आधी नाव नोंदवावे लागते आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आपल्याकडे ताप आला की डॉक्टर तीन-चार गोळ्या देतात, निदान रक्त तपासायला तरी सांगतात. तिथे पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्याने बरे वाटले नाही तर फोन करा, असे सांगून पाठवतात. अनेक भारतीयांना हा हलगर्जीपणा वाटतो. तो तसा नाही. प्रतिजैविके जपून वापरण्याचे धोरण त्या देशाने विचारपूर्वक स्वीकारलेले आहे. पण त्याबरोबर हेही लक्षात ठेवावे, की डच डॉक्टर रुग्णाने स्पष्ट बोलावे अशी अपेक्षा करतो. दुखणे किती आहे, कधीपासून आहे, कशाची भीती वाटते, घरात मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हे सगळे लिहून न्यावे आणि संकोच न करता वाचून दाखवावे. सोसण्याची सवय असलेल्या माणसाने 'थोडे दुखते' म्हटले, तर ते थोडेच समजले जाते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हाउसआर्ट्सेनपोस्त या केंद्राला आधी फोन करून जावे. जिवावरचा प्रसंग असेल तर 112.

सायकल पहिल्या महिन्यातच घ्यावी. ज्यांना येत नाही, अशा मोठ्या माणसांसाठी अनेक शहरांत शिकवण्याचे वर्ग चालतात आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो, वळताना हात दाखवावा लागतो, आणि 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरण्यावर बंदी आहे. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके तुमच्याकडे असतील, तर समोरून जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. भारतीय वाहन परवाना नोंदणीनंतर 185 दिवसच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ज्या कुटुंबाला परदेशातून बोलावलेल्या कर्मचाऱ्यांसाठीचा 30 टक्के करसवलतीचा नियम लागू आहे, त्यांना मात्र परवाना बदलून मिळतो.

भाषा: सक्तीची आणि त्यापलीकडची

1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार डच नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला तीन वर्षांत इनबुर्खरिंग, म्हणजे डच समाजात सामील होण्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षा, पूर्ण करावी लागते. खेमेंते आधी सविस्तर मुलाखत घेते, भाषा शिकण्याची क्षमता तपासते आणि तुमच्यासाठी एक वैयक्तिक योजना ठरवते. पदवीधर माणसाला बहुधा बी1, म्हणजे मध्यम, पातळीचा मार्ग मिळतो. कुटुंबासाठी आलेल्यांना वर्गाचे पैसे स्वतःच भरावे लागतात. त्यासाठी ड्यूओ या शिक्षणविषयक सरकारी कार्यालयाकडून कर्ज मिळू शकते, पण दहा हजार युरोंपर्यंतचे हे कर्ज फेडायचे असते. स्वतःच्या चुकीने मुदत टळली तर दंड होतो. या मुलाखतीला जोडीदाराने बरोबर यावे, पण उत्तरे तुम्ही द्यावीत. तुमचे शिक्षण, कामाचा अनुभव आणि पुढे काय करायचे आहे हे तिथे ठासून सांगितले, तर योजना त्या अंगाने आखली जाते.

केनिसमिग्रांटच्या जोडीदारावर ही सक्ती नाही आणि म्हणूनच त्यांच्यातले बरेच जण भाषेवाचून राहतात. आम्स्टेलवेन किंवा आइंडहोवनमध्ये इंग्रजीवर सगळा दिवस निघतो हे खरे. पण शाळेतली पालकसभा, इमारतीच्या रहिवाशांची बैठक, शेजारणीचा हळू आवाजातला निरोप, सासूबाईंचे आजारपण या ठिकाणी इंग्रजी अपुरी पडते. दहा माणसांच्या डच टेबलावर एका माणसासाठी सगळे तासभर इंग्रजी बोलतात आणि मग नकळत आपल्या भाषेवर जातात. त्याचा राग धरण्यापेक्षा 'मी डच ऐकते, सावकाश बोला' असे डचमध्येच म्हणणे जास्त कामाला येते. लोक इंग्रजीत उत्तर देत राहिले तरी तुम्ही डच सोडू नये. सार्वजनिक वाचनालयांत भाषेचे मदतकेंद्र आणि गप्पांचे गट असतात, त्यांना बहुधा काही शुल्क नसते. वृद्धाश्रमातले, शाळेतले किंवा सामुदायिक बागेतले स्वयंसेवेचे काम तर भाषेसाठी वर्गाइतकेच उपयोगी आहे, कारण तिथे तुम्हाला कोणी अमक्याची बायको किंवा तमक्याचा नवरा म्हणून ओळखत नाही.

पाहुणचार, वाढदिवस आणि आग्रह

डच रीतींविषयी जे जे सांगितले जाते, त्यात कॅलेंडरवर वेळ ठरवल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, ही गोष्ट पहिल्यांदा येते. ती खरी आहे, आणि आईच्या घरीसुद्धा मुलगा फोन करून जातो. आपल्याला त्यात परकेपणा दिसतो. डच माणूस मात्र ठरलेली वेळ हा मान समजतो: त्या दोन तासांत तो फोन बाजूला ठेवतो, दुसरे काम काढत नाही आणि पूर्णपणे तुमच्याजवळ असतो. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली म्हणून हिरमुसू नये. तारीख मिळाली याचा अर्थ तुम्ही त्यांना हवे आहात. आणि तारीख ठरली की ती मोडू नये, उशीर होणार असेल तर पाच मिनिटांसाठीही कळवावे.

बोलावणे कशाचे आहे ते वेळेवरून ओळखावे. रात्रीचे जेवण संध्याकाळी सहाच्या सुमारास होते. दुपारी तीनला बोलावले असेल तर ते कॉफी आणि केकचे असते, आणि पाच-साडेपाचला निघणे अपेक्षित असते. रात्री आठला बोलावले असेल तर जेवून जायचे असते. जेवायला बोलावले असेल तर तसे स्पष्ट सांगतात, आणि काय खात नाही हेही आधी विचारतात. शाकाहारी असाल तर त्याच वेळी सगळे नीट सांगावे: मासे चालत नाहीत, मांसाच्या पाण्यातले सूप चालत नाही, अंडे चालते की नाही. पानावर बसल्यावर सांगितले तर यजमान खरोखर ओशाळतात.

मराठी घरातला आग्रह तिथे चालत नाही, देण्याचाही आणि घेण्याचाही. पहिल्यांदा 'नको' म्हणायचे आणि यजमानाने दोनदा आग्रह केल्यावर घ्यायचे, या सवयीने नव्या सुनेला किंवा जावयाला कित्येकदा उपाशी राहावे लागते, कारण 'नको' म्हणजे नकोच असे समजून ताट पुढे जाते. पहिल्याच वेळी 'हो, आवडेल' म्हणावे. उलट तुमच्या घरी डच पाहुणा आला आणि त्याने तिसऱ्या पुरणपोळीला नकार दिला, तर ती पानात वाढू नये. पोट भरल्यावरही वाढणे त्याला दडपण वाटते. कॉफीबरोबर एकच बिस्किट देण्याच्या रीतीवर परदेशी लोक फार बोलतात. मला त्यात कंजूषपणा दिसत नाही. साधेपणाला आणि आटोपशीरपणाला त्या समाजात प्रतिष्ठा आहे आणि श्रीमंत घरातही तेवढेच ठेवले जाते. तुमच्या घरची पद्धत तुम्ही सोडावी असे मात्र मुळीच नाही. चिवडा, चकल्या, बटाटेवडे यांनी भरलेले टेबल डच सासरच्यांना मनापासून आवडते. फक्त हातात ताट देऊन मागे उभे राहू नये. सगळे मांडून ठेवावे आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसावे. यजमानीण स्वयंपाकघरातच राहिली तर पाहुण्यांना अवघडल्यासारखे होते.

वाढदिवस हा तिथला सर्वांत मोठा घरगुती सण समजावा. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात. आत शिरल्यावर ज्याचा वाढदिवस त्याच्यासह प्रत्येकाशी हात मिळवून 'खेफेलिसितेर्त' असे अभिनंदन करायचे असते. होय, त्याच्या आईचे, बहिणीचे, मेव्हण्याचे, सगळ्यांचे. नवख्या माणसासाठी ही रीत वरदान आहे, कारण पाच मिनिटांत तुम्ही खोलीतल्या प्रत्येकाशी बोललेले असता. भेटवस्तू लहान चालते, पण ती लगेच सर्वांसमोर उघडली जाते. आपल्यासारखी बाजूला ठेवत नाहीत, आणि तुम्हाला मिळालेली भेटही तिथेच उघडून दोन शब्द बोलावे. बहुतेक घरांत संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले असते. सासरच्या कॅलेंडरावर तुमचे नाव लिहिले गेले, तर त्याचा अर्थ मोठा आहे. स्वतःच्या वाढदिवसाला कार्यालयात केक आपणच न्यायचा असतो.

सणांपैकी 5 डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या, म्हणजे संत निकोलसच्या, संध्याकाळी भेटीबरोबर यमक जुळवलेली कविता देतात आणि त्यात घेणाऱ्याच्या सवयींना प्रेमाने चिमटे काढलेले असतात. तुमच्यावर तशी कविता झाली तर ती आपलेपणाची खूण मानावी आणि पुढच्या वर्षी तुम्हीही चार ओळी लिहाव्यात, मोडक्या डचमध्ये का होईना. 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांनी साजरा होतो. 4 मेला रात्री आठ वाजता दुसऱ्या महायुद्धातल्या आणि नंतरच्या युद्धांतल्या मृतांसाठी दोन मिनिटे देश स्तब्ध होतो. त्या वेळी रस्त्यावर असाल तर थांबावे, घरी असाल तर मिक्सर आणि संगीत बंद ठेवावे.

स्पष्ट बोलणे आणि घरातले ठरवणे

'हा रंग तुला शोभत नाही', 'तुझी भाजी मला तिखट लागली', 'आज मला एकटे राहायचे आहे' अशी वाक्ये डच माणूस सहज बोलतो आणि त्यात रागलोभ नसतो. ऐकणाऱ्याला टोचते हे खरे आहे, आणि टोचले तर तसे म्हणावे. 'मला हे ऐकून वाईट वाटले' हे वाक्य तो गंभीरपणे घेतो. पण चेहरा पाडून बसणे, तो ओळखेल म्हणून वाट पाहणे, याचा तिथे उपयोग होत नाही. समोरच्याच्या मनातले न विचारता ओळखणे ही आपल्याकडे मायेची खूण असते. त्यांच्याकडे न विचारता गृहीत धरणे हा अनादर असतो. दोघांनी पहिल्या महिन्यांतच हा फरक एकमेकांना उघड सांगावा.

सासूसासऱ्यांना बहुतेक घरांत नावाने हाक मारतात. संकोच वाटत असेल तर 'मी तुम्हाला काय म्हणू?' असे सरळ विचारावे. म्हातारे आईवडील वेगळे राहतात म्हणून मुले त्यांना टाकतात असा निष्कर्ष काढू नये. कित्येक मुले आठवड्याचा ठरलेला वार आईकडे घालवतात, आणि आईलाही स्वतःच्या घरातच राहायचे असते. मात्र भारतातल्या आपल्या आईवडिलांची जबाबदारी, त्यांना पाठवायचे पैसे, त्यांचे तिथे येऊन राहणे, या गोष्टी डच जोडीदाराला आपोआप कळत नाहीत. आकडे आणि महिने यांसह त्या लग्नाआधीच बोलाव्यात. आईवडील शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहू शकतात. त्यांच्यासाठी 30,000 युरोंचा प्रवास विमा आणि बहुधा खेमेंतेत साक्षांकित केलेले हमीपत्र लागते.

पैसा आणि काम

घरखर्चाचे संयुक्त खाते असावे, आणि त्याशिवाय प्रत्येकाचे स्वतःचे खातेही असावे. मित्रमंडळी कॉफीच्या बिलातला वाटा टिकी या अॅपवरून मागतात, तेव्हा तो त्याच दिवशी चुकता करावा. लग्नानंतरचा पहिला संसार नेदरलँड्समध्ये मांडला असेल, तर मालमत्तेला साधारणपणे डच कायदा लागतो. 1 जानेवारी 2018 पासूनच्या लग्नांत लग्नाआधीची स्वतःची मालमत्ता, भेटी आणि वारसा ज्याचा त्याचा राहतो; लग्नानंतर मिळवलेले दोघांचे होते. म्हणून आईने घातलेल्या दागिन्यांची, गावच्या जमिनीतल्या हिश्शाची आणि बँकेतल्या ठेवींची तारखेसह यादी करून ठेवावी. वेगळी व्यवस्था हवी असेल तर नोटरीकडे करारनामा करता येतो, आणि त्यावर सही करण्याआधी तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत समजावून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

भारतीय पदवीचे डच तुल्यमूल्य काढून घेता येते आणि इनबुर्खरिंग करणाऱ्याने त्याविषयी मुलाखतीतच विचारावे. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट यांना बीआयजी या आरोग्य व्यावसायिकांच्या सरकारी नोंदवहीत नाव असल्याशिवाय काम करता येत नाही. ती वाट भाषेसकट लांब आहे आणि म्हणून पहिल्याच वर्षी सुरू करावी. आठवड्यातून तीन-चार दिवस काम करणे स्त्रीपुरुष दोघांतही रूढ आहे, आणि एक वार मुलांसाठी घरी राहणारे वडील सगळीकडे दिसतात. पगाराच्या निदान आठ टक्के सुट्टी-भत्ता मिळतो, तो बहुधा मे महिन्यात जमा होतो.

बाळंतपण

गरोदरपण व्यवस्थित असेल तर डॉक्टरऐवजी सुईण, म्हणजे फरलोस्कुंदिखे, सगळी तपासणी करते आणि बाळंतपण घरी की रुग्णालयात हे आईने ठरवायचे असते. नंतरच्या आठवड्यात क्रामझोर्ख ही सेवा मिळते: प्रशिक्षित बाई घरी येऊन आईची आणि बाळाची तपासणी करते, स्तनपान शिकवते, घरातलेही थोडे आवरते. नाव लवकर, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, नोंदवावे. आईला भारतातून बोलावले असेल तर तिला या व्यवस्थेची आधी कल्पना द्यावी, म्हणजे तेलमालीश, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू यांवरून दोघींत वाद होणार नाहीत. शेगडीला सुईण नाही म्हणेल, लाडवांना म्हणणार नाही. भेटायला येणाऱ्यांना बडीशेपेच्या गुलाबी किंवा निळ्या साखरगोळ्या पसरलेला रस्क देतात. माहेरी बाळंतपणाला जायचे असेल तर मुक्काम मोजून ठेवावा: सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिल्यास परवाना धोक्यात येऊ शकतो.

आपली माणसे आणि हिवाळा

हेगमध्ये मोठा सुरिनामी हिंदुस्तानी समाज आहे. त्यांचे पूर्वज 1873 पासून कोलकात्याहून मजूर म्हणून सुरिनामला नेले गेले, आणि 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास हजारो कुटुंबे नेदरलँड्सला आली. त्यांच्या दुकानांत कारली, भेंडी, चवळीच्या शेंगा ताज्या मिळतात. ते डच समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले, तरी दिवाळी आणि होळी जपणारे लोक आहेत. त्यांच्याशी ओळख ठेवावी. मराठी मंडळींचे गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम मोठ्या शहरांत होतात. तिथे अवश्य जावे आणि जोडीदारालाही न्यावे, पण आठवड्यातली निदान एक संध्याकाळ डच भाषेच्या कामासाठी राखावी, मग ती गायनमंडळाची असो, पोहण्याची किंवा बॅडमिंटनची. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात उदासी येते. रोज दुपारी बाहेर पडावे, ड जीवनसत्त्वाबद्दल हाउसआर्ट्सला विचारावे, आणि दोन आठवड्यांत मन वर आले नाही तर तेही त्यालाच सांगावे. मानसिक आजारावर उपचार घेणे तिथे लपवत नाहीत.

नाते बिघडले तर, आणि पाच वर्षांनंतर

परवाना नात्यावर आधारलेला असल्याने नाते संपल्यास चार आठवड्यांत आयएनडीला कळवावे लागते. पाच वर्षे पूर्ण झाली असतील आणि इनबुर्खरिंग उत्तीर्ण असाल, तर स्वतंत्र परवाना मागता येतो. परीक्षा वेळेवर देण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. घरात मारहाण, कोंडून ठेवणे, पासपोर्ट काढून घेणे असे काही होत असेल, तर पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही. छळाच्या पुराव्यावर स्वतंत्र परवान्याचा अर्ज करता येतो. 'तक्रार केलीस तर तुला भारतात पाठवतील' ही धमकी ऐकून गप्प बसू नये. फेलिख थाउस ही सेवा 0800-2000 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत करते आणि युरिदिश लोकेत या संस्थेत पहिला कायदेशीर सल्ला मोफत मिळतो. पासपोर्ट, परवाना आणि दाखल्यांच्या प्रती भारतातल्या विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात, संसार कितीही सुखाचा असला तरी.

सध्याच्या नियमांनुसार डच नागरिकासोबत, लग्न करून किंवा लग्नाविना, सलग तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांना पाच वर्षांनी. डच नागरिकाच्या पतीने किंवा पत्नीने मूळ नागरिकत्व सोडावे असा डच कायद्याचा आग्रह नाही. पण 1955 च्या भारतीय नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही आणि डच नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे, कार्ड घेता येते. त्या कार्डावर भारतात कितीही राहता येते, मात्र मतदानाचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने ती मिळू शकते. गावी जमीन असणाऱ्यांनी सातबाऱ्यावरच्या नोंदी आणि वाटण्या हा अर्ज करण्याआधी पूर्ण करून घ्याव्यात.